वैल

विश्रामबाग हे नाव ज्या कोणी ठेवले असेल, त्याला आज सायंकाळी सहाच्या सुमारास सांगली-मिरज रस्त्याच्या कडेला आणून उभे केले, तर तो ते नाव मुकाट्याने परत मागून घेईल असे मला नेहमी वाटते. मिरजेकडे धावणाऱ्या एस. टी. गाड्या, शिकवणीच्या वर्गांतून एकदम सुटलेली शे-दोनशे मुले, उसाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे डुलत येणाऱ्या दोन ट्रॉल्या, आणि या सर्वांच्या मधून, जन्ममरणाच्या फेऱ्यांतून आपण कधीच सुटलो आहोत अशा चालीने रस्ता ओलांडणारी एखादी म्हैस. बाग म्हणावी तर ती दिसत नाही, आणि विश्राम म्हणावा तर तो रेल्वेच्या फलाटावर, गाडी चुकलेल्या माणसालाच काय तो मिळतो.

तरी या भागाला एक प्रकारचे पांडित्य आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथे आहे, आणि १९४७ साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयही येथेच आहे. या दुसऱ्याला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशात मोटारी बनवण्याचे धाडस केले होते. तेव्हा मोटारीचे शास्त्र या मातीत शिकवले जावे हे योग्यच आहे. पण मोटारीचे वेद मात्र पाठशाळेच्या बाहेर, शंभर फुटी रस्त्याच्या कडेने, पत्र्याच्या शेडांमधून मुखोद्गत असतात. तेथल्या मिस्त्रींना पुस्तक लागत नाही. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून मूठ कानाशी लावली, की आतल्या सगळ्या कुरबुरी त्यांना ऐकू येतात. या दोन विद्यापीठांचा गेल्या भाद्रपदात माझ्या गाडीवरून मतभेद झाला. गाडी लहान असली तरी मतभेद मोठा होता, आणि त्यात आमच्या घरातला एक तिसराच प्रश्न अडकलेला होता.

गाडीचे नाव सांगत नाही. तेरा पावसाळे अंगावर घेतल्यावर पत्र्याला गंज चढला, तर तो काही कोणाच्या नावावर मांडण्याचा दोष नव्हे. डिझेलची गाडी, चार सिलिंडर, आणि इंजिनाच्या अंगाला गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा एक टर्बो. या शंखाची करामत मला फार आवडते. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी सायलेन्सरमधून निघून वाया जायचा. तो जाता जाता एका लहानशा चक्राला फिरवतो. त्या चक्राच्या आसाला पलीकडच्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा जास्त तर डिझेल जास्त, आणि डिझेल जास्त तर जोर जास्त. लोहाराच्या भात्याला कोणीतरी माणूस लागतो. हा भाता भट्टीच्या धुरानेच हलतो. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. स्वयंपाकघरातला मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो म्हणून आपण त्याच्या आवाजाने कानांवर हात ठेवतो. हा वाटीएवढा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि कसल्या छर्ऱ्यांवर नव्हे, तर तेलाच्या एका पातळ पापुद्र्यावर तरंगत घेतो.

मात्र या फुकटच्या जोराचे भाडे उष्णतेच्या रूपाने भरावे लागते. गाडी सपाट रस्त्यावर रमतगमत चालली असली तर फारसे काही नाही. पण घाट लागला, गाडी भरलेली असली आणि पाय दाबलेलाच राहिला, की डिझेल इंजिनाचा धूर ७०० अंशांच्या घरात जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे आपले भाताचे पातेले त्या धुरात धरले तर भात शिजायच्या आत पातेलेच पातळ होईल. असला निखारा, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर रबरी नळ्या, प्लॅस्टिकच्या आवरणातल्या वायरी, तेलाची वाहिनी. त्यांच्या आणि निखाऱ्याच्या मध्ये उभा असतो एक दाबून घडवलेला पातळ पत्रा. त्याला हीट शील्ड म्हणतात. सैन्यातल्या साध्या शिपायाप्रमाणे तो असेपर्यंत त्याची कोणी विचारपूस करीत नाही.

आमचा शिपाई कुंभार्ली घाटात पडला, आणि ते प्रथम कळले माझ्या आईला.

आई चिपळूणला राहते. वय चौऱ्याऐंशी. २०२१ सालच्या २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आमच्या घराचा तळमजला बुडाला आणि ती माडीवर एक रात्र आणि पुढला अर्धा दिवस एकटी बसून होती. त्यानंतर आम्हा भावंडांचे आणि तिचे एक तहनामे झाले. पावसाळ्याचे चार महिने तिने विश्रामबागेत माझ्याकडे राहायचे आणि दसरा झाला की तिला परत पोचवायचे. तह तिने खुशीने केला नव्हता. "तुमची कृष्णा काय कमी आहे?" असे तिने विचारलेच होते, आणि त्यात तथ्य होते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्याही वर चढले होते. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. पण विश्रामबाग त्या मानाने उंचावर आहे, हे नकाशा काढून समजावल्यावर ती तयार झाली. तेव्हापासून दर जूनमध्ये मी तिला घेऊन घाट चढतो.

या जूनमध्येही चढत होतो. मागे तिची ट्रंक, तांदळाचे पोते, आणि जी विश्रामबागेत मिळतच नाहीत अशी तिची ठाम समजूत आहे ती कोकमे, आठळ्या आणि फणसपोळी. पोफळी मागे पडली, ढग काचेला भिडले, आणि हेळवाकच्या अलीकडच्या वळणांवर ती एकाएकी ताठ बसली.

"अरे, काहीतरी करपतंय."

मला कसलाच वास आला नाही. मी तसे म्हटले.

"तुला कसा येईल? तुझी आयुष्यात एक पोळी करपली नाही. लाकूड नाही हे, रबर नाही. वायरीचं करपतंय. थांबव."

थांबलो. बॉनेट उघडले. साठ वर्षे चुलीपुढे तयार झालेल्या त्या नाकाने निदान अचूक केले होते. हीट शील्डचा एक कान गंजून तुटला होता, पत्रा उरलेल्या दोन बोल्टांवर कलला होता, आणि ज्या जागी तो नव्हता तेथे एका वायरीचे पन्हळी आवरण वितळून चिकटले होते. ज्वाळा नव्हती, धूरही नव्हता. पण आणखी चार वळणे तशीच गेली असती, तर आतले तांबे उघडे पडले असते, आणि पुढचा प्रकार नाकाची गरज न लागता कळला असता. अर्धा तास गाडी गार केली, वायर सुतळीने बांधून लांब ओढली, आणि टर्बोला फारसे श्रम न देता हळूहळू घरी आलो.

पावसाळ्यात गाडीला गावाबाहेर काम नव्हते. श्रावण उलटल्यावर मी अधिकृत दुकानात चौकशी केली. तो पत्रा आता येत नाही, असे उत्तर मिळाले. गाडीचे ते रूपच बंद झाले होते; भाग किती दिवस बनवायचे यालाही मर्यादा असते. मी पुण्याला दादाला फोन करून सगळे सांगितले. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग बरंच झालं की."

"बरं काय झालं?"

"पार्ट मिळत नाही म्हणून सांग आईला. खोटं थोडंच आहे? दिवाळी तिथेच होईल. मग थंडी आहे, मग उन्हाळ्यात कशाला जायचं म्हणावं, मग पुन्हा पाऊस. तिला तिथे एकटं ठेवायचं नाही हे आपल्या सगळ्यांनाच पटलेलं आहे. बोलायचं कोणी, एवढाच प्रश्न होता."

दादाचे म्हणणे चूक होते असे मला आजही म्हणवत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, खाली पाणी आलेले घर, शेजारची दोन घरे मुंबईला गेल्यामुळे कुलपात. तिला ताप आला तर पहिला माणूस पोचायला किती वेळ लागेल याचे गणित मी अनेक रात्री केलेले आहे. दुसऱ्या बाजूला काय होते? तिची माडी, तिची परसातली अबोली, आणि दिलेला शब्द. एस. टी. होती, भाड्याची मोटार होती, हे खरे. पण एस. टी.च्या पायरीवर तिचा गुडघा चढत नाही, आणि परक्या मोटारीत घाटात तिला मळमळते. म्हणजे सगळी मदार त्या गंजक्या पत्र्यावर येऊन ठेपली होती. खोटे बोलायचे असते तर मला कदाचित सोपे गेले असते. खोटे नाकारता येते. येथे हाताशी आयते खरे होते, आणि त्याच्या आडून तिला अडकवायचे होते. दोन दिवस विचार करून मी गाडी काढली आणि शंभर फुटी रस्त्यावर नेली.

मिस्त्रींनी बॉनेटखाली डोके घातले आणि बराच वेळ काढलेच नाही. मग आतूनच बोलले, "काका, पत्रा गेलाय हे बरोबर. पण त्याच्या आधी हे बघा की." त्यांनी बोट वर केले. बोटाला काळे तेल होते. टर्बोला तेल पोचवणाऱ्या नळीच्या सांध्यातून ते पाझरत होते. थेंब पडावा इतकेही नव्हे, नुसता ओलावा. "हे तेल, आणि ही त्याच्या शेजारची शेगडी. आधी हे, मग पत्रा."

येथे माझ्या भाच्याचा प्रवेश झाला. तो वालचंदमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे. पत्र्याबित्र्याच्या भानगडीत पडूच नका, असे त्याचे मत. टर्बोच्या गरम अर्ध्या भागावर चढवायची एक गोधडीच बाजारात मिळते. काचेच्या, सिलिकाच्या किंवा बेसाल्टच्या धाग्यांची, वर स्टीलची जाळी आणि आवळायला स्प्रिंगा. ती घातली की उष्णता आतच राहते, धुराचा जोर वाया जात नाही, आणि बॉनेटखालची हवा गार राहते. गार हवेचे महत्त्व त्याने मला पुठ्ठ्यावर हिशेब मांडून पटवले. २५ अंशांची हवा ६० अंशांपर्यंत तापली तर त्याच आकारमानात ती जवळजवळ दहावा हिस्सा कमी भरते. हवा कमी म्हणजे जोर कमी. हिशेब बरोबर होता. मी दोनदा करून पाहिला.

बेसाल्टचे नाव ऐकून मी त्याला मध्येच थांबवले. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण; साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्याचा हा सह्याद्री झाला. तो पाषाण दीड हजार अंशांच्या आसपास पुन्हा वितळवून बारीक छिद्रांतून ओढला की केसाहून पातळ धागा निघतो, आणि त्याचे कापड विणता येते. जो दगड फोडून कुंभार्लीचा रस्ता काढला, त्याच जातीच्या दगडाचे पांघरूण घालून गाडी तो घाट चढणार, ही कल्पना मला इतकी आवडली की केवळ तेवढ्यासाठी मी गोधडी घ्यायला तयार झालो होतो.

मिस्त्रींनी ती कल्पना एका वाक्यात मोडली. "तेलानं भिजलेली गोधडी म्हंजे काकडा हो, काका."

भाचा म्हणाला, गळती बंद केल्यावर तेल येईल कोठून? मिस्त्री म्हणाले, "आज बंद करू. दोन वर्षांनी परत लागली तर? पत्र्यावर तेल आलं तर दिसतंय, पुसता येतंय. गोधडी ते पिऊन बसतीय, कळतच न्हाई. आणि ऊब आत कोंडली तर त्या आतल्या बेअरिंगनं काय करायचं? तेल शिजून त्याचा कोळसा व्हतोय तिथं." भाच्याने यावर सांगितले की गोधडी मधल्या बेअरिंगच्या भागावर घालायचीच नसते, फक्त धुराच्या शंखावर घालायची. मिस्त्रींनी मान हलवली. तेवढे त्यांना मान्य होते. पण शर्यतीच्या गाडीचा हिशेब वेगळा आणि आजींना घेऊन वर्षातून चार वेळा घाट करणाऱ्या गाडीचा वेगळा, हा त्यांचा मुद्दा भाच्यालाही खोडता येईना.

मला या वादात कोणीच हरले असे वाटले नाही. दोघेही एकाच उष्णतेबद्दल बोलत होते. एकाला ती वाया जाते याचे दुःख होते आणि दुसऱ्याला ती साठते याचे भय होते. शेवटी जे ठरले ते दोन्हींच्या मधले होते. स्टेनलेस स्टीलचे दोन पातळ पत्रे, मध्ये बेसाल्टच्या तंतूंचा नमदा, असे तयार शील्ड पुण्याहून मागवायचे आणि ते टर्बोला न चिकटवता बोटभर अंतर ठेवून उभे करायचे. पूर्वी असल्या जागी सर्रास ॲस्बेस्टॉस वापरीत. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन काय करतात हे कळल्यापासून शहाणा माणूस त्याला हात लावीत नाही. बोटभर अंतराचे कारण भाच्याने सांगितले. इतक्या तापलेल्या लोखंडाची उष्णता स्पर्शाने जाते त्याहून अधिक किरणांनी जाते, आणि स्टेफानने १८७९ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजायचे, हे त्यात लक्षात ठेवायचे. ७०० अंशांचे पृष्ठ ३५० अंशांच्या पृष्ठाच्या दुप्पट नव्हे, तर जवळजवळ सहापट किरण टाकते. त्यांना चकचकीत पत्र्याने परतवायचे आणि जे थोडे आत शिरेल ते मधल्या नमद्याने आणि वाऱ्याने अडवायचे. आपल्या चहाच्या थर्मासची तीच युक्ती, फक्त येथे निर्वात पोकळी नाही आणि चहाही नाही.

शील्ड आठ दिवसांनी आले. ते बाजारी असल्यामुळे आमच्या गाडीला "बसते" असे म्हणण्यापुरतेच बसत होते. पाहुण्याने दिलेल्या शर्टासारखे; खांदे ठीक, बाह्या लांब.

बसवण्याच्या दिवशी मी सकाळपासून तेथेच होतो. गाडी रात्रभर गार केलेली होती. तापलेल्या टर्बोपाशी हात घालणे म्हणजे पेटल्या चुलीत हात घालणेच. बॅटरीची वायर काढली. जुन्या पत्र्याच्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळीच पातळ तेल सोडून ठेवले होते. पहिला बोल्ट कुरकुरत निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यापाशी मिस्त्रींनी दोन वेळा पान्हा लावला आणि दोन वेळा काढला. "ह्याचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. थोडे मागे, थोडे पुढे, पुन्हा तेल, पुन्हा हलका ठोका. तेरा वर्षे लाल होऊन गार होत आलेला बोल्ट होता तो. आतून तो खडूसारखा झाला होता, आणि अखेर खडूसारखाच मोडला. डोके पान्ह्यात आले आणि धड आत राहिले.

मला वाटले, आता संपले. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा उत्साह दिसला. त्यांनी मोडक्या बोल्टाच्या बरोबर मध्यावर पंचाने एक टिंब मारले. ते टिंब मध्यावर आहे की नाही हे भिंग लावून पाहिले, आणि मग इतक्या सावकाश ड्रिल चालवले की जणू मूर्तीचे डोळे उघडायचे होते. प्रथम बारीक, मग त्याहून थोडे जाड. टिंब केसभर चुकले असते तर ड्रिल मॅनिफोल्डच्या बिडात शिरले असते, आणि मग दोन-चार हजारांचे काम वीस हजारांवर गेले असते. शेवटी बोल्टाची नुसती साल उरली, ती त्यांनी पोगराच्या टोकाने आत दुमडून चिमट्याने उचलली. टॅप फिरवून आटे साफ केले. या सगळ्याला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात भाचा एक शब्द बोलला नाही. पुस्तकातला माणूस गप्प बसून पाहतो तेव्हा तो शिकत असतो असे मी धरून चालतो.

मग तेलाचा सांधा. त्यातले तांब्याचे जुने वायसर दाबून पातळ झाले होते. ती नवी घातली. सांध्याखाली कोरा पांढरा कागद बांधून पंधरा मिनिटे इंजिन चालवले. कागद कोरा निघाला. ते गार होईपर्यंत जेवून आलो.

शील्डच्या तीन भोकांपैकी एक चार मिलिमीटर बाजूला होते. भाचा म्हणाला, मोठे गोल भोक पाडू. मिस्त्रींनी कानस घेतली आणि ते लांबट केले. आणि जी दोन बरोबर होती तीही किंचित लांबट केली. "पत्रा वाढतोय की, काका. त्याला हलायला जागा पायजे. आवळून बांधला तर कान परत तुटतोय." भाच्याने लगेच हिशेब केला. वीतभर स्टेनलेस स्टील ५०० अंशांनी तापले तर जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. कानशीने जेवढी जागा केली होती ती मोजली. ती अडीच भरली. भाच्याने पुठ्ठा खाली ठेवला आणि मिस्त्रींना नमस्कार केला. थट्टेने केला, पण केला.

बोल्टांच्या आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले. साधे ग्रीस तेथे जळून जाते आणि पुढच्या माणसावर पुन्हा ड्रिलची पाळी येते. या पुढच्या माणसाचा विचार करणारा कारागीर मला फार मोठा वाटतो. जळकी वायर कापून नवी जोडली, तिला चंदेरी आवरण चढवले, आणि पत्र्यापासून दूर नवी वाट दिली. शेवटी मिस्त्रींनी इंजिन हातांनी पुढेमागे हलवून पाहिले. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते. गाडी हिसका देते तेव्हा ते झोपाळ्यासारखे झुलते, आणि उभ्या गाडीत न लागणारा पत्रा त्या झोक्यात लागतो. बोट सगळीकडून फिरले. लागत नव्हता.

याच वेळी आई आली. गणपतीला जाऊन येते म्हणून निघालेली ती, विचारत विचारत गॅरेजपर्यंत पोचली होती. मिस्त्रींच्या पोराने तिला खुर्ची दिली. भाच्याने तिला टर्बो समजावला; धूर येतो, चक्र फिरते, पलीकडे हवा जाते. ती लक्षपूर्वक ऐकत होती.

"म्हणजे वैल की रे," ती म्हणाली.

भाच्याला वैल ठाऊक नव्हता. चूल ठाऊक असणारी पिढीच आता विरळ, तेथे वैल कोण सांगणार? चुलीला लागून एक लहान तोंड असते. मुख्य भांड्याखालून निघून गेलेला जाळ आतल्या आत तिकडे वळतो. त्याला वेगळे लाकूड लागत नाही. भात चुलीवर होतो, आणि त्याच आगीच्या उरलेल्या धगीवर वैलावर दूध तापते, आमटी गरम राहते. "चुलीचं सगळ्यांना दिसतं," आई म्हणाली. "वैल आपला बाजूला. पण दूध वैलावरचंच चांगलं. सावकाश तापतं." मग टर्बोकडे पाहून तिने विचारले, "ह्यावर काय ठेवता?" मिस्त्री म्हणाले, "ह्यावर काय ठेवू नये म्हणूनच हे सगळं चाललंय, आजी."

इंजिन सुरू केले. पहिल्यांदा तापताना नव्या पत्र्यावरचे तेल आणि नमद्यातला चिकटा जळतो. थोडा धूर आला, वासही आला. मी आईकडे पाहिले. तिने नाक वर केले आणि हात हलवला. "हे नव्याचं आहे. जाईल." भाच्याने तापमान मोजायची पिस्तुलासारखी बॅटरी आणली होती. ती पत्र्यावर रोखली तर आकडा फारच कमी. मिस्त्रींनी थेंबभर पाणी उडवले, ते चर्र करून उडून गेले. भाच्याने कपाळाला हात लावला. चकचकीत पृष्ठ स्वतःची उष्णता किरणांनी फार कमी सांगते, भोवतालचीच परत पाठवते, यंत्र फसते. काळा ठिपका हवा, तो म्हणाला. मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी काढली आणि नव्या पत्र्याच्या कोपऱ्यात टेकवली.

"तीट लावलीस होय?" आई म्हणाली, आणि सगळे हसले. हसता हसताच तिने माझ्याकडे वळून विचारले, "मग दसऱ्यानंतर केव्हा सोडतोस मला?"

इतके दिवस दादाचे आणि माझे फोनवर काय चालले होते हे तिला कोणी सांगितले नव्हते. पण जिला चालत्या गाडीत बंद काचांमागे वायरीचा वास येतो तिच्यापासून घरातले काय लपणार? गॅरेजपर्यंत ती टर्बो बघायला आली नव्हती. मी म्हटले, "एकादशी झाली की निघू." तिने मिस्त्रींना विचारले, "जाईल ना हो ही?" मिस्त्री म्हणाले, "जाईल की आजी. येतानाचं बघायचं. जाताना उतारच हाय."

ते अगदी खरे होते. विश्रामबागेहून आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, पाटण. आणि कुंभार्ली आम्ही उतरलो, तेव्हा माझा पाय डिझेलवर जवळजवळ नव्हताच. उतारावर टर्बो निजलेला असतो. आईही निजली होती. चिपळुणात घर उघडले, भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते ती पुसली, माडीवर दिवा लागला, आणि शेजारच्या गल्लीतल्या एका बाईने दिवसातून दोनदा डोकावून जायचे कबूल केले. दादाने पाठवलेले गळ्यात घालायचे बटण, जे दाबले की आम्हा तिघांचे फोन वाजतात, ते आईने देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवले. गळ्यात घाल म्हटल्यावर, "बघू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच घाट चढलो. मुद्दामच गाडी भरून घेतली होती. नारळ, आणि आईने कोणाकोणाला द्यायला बांधलेली गाठोडी. पाय दाबून धरला. हेळवाकला पोचल्यावर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे लगेच किल्ली फिरवली नाही. मिनिट-दीड मिनिट इंजिन नुसते चालू ठेवले, म्हणजे तेल फिरत राहते आणि आतला आस निवतो. मग बॉनेट उघडले. तीट जागेवर होती. टर्बोच्या बाजूने झळ येत होती, आणि नव्या वायरीला मी सरळ हाताने धरू शकत होतो. आईला फोन केला.

"वास आला?"

"नाही."

"नीट घे की जरा नाकाने. तुझं काय सांगता येतं?" आणि दूध वर आले म्हणून तिने फोन ठेवला.

पाचशे किलोमीटर झाल्यावर दाखवून जा, असे मिस्त्री बोलले होते, म्हणून परवा गेलो. तीनपैकी एक बोल्ट अर्धा फेरा सैल झाला होता. तो त्यांनी बेताने आवळला आणि पैसे घेतले नाहीत. रात्री दादाचा फोन आला. बटण गळ्यात आहे का, याची चौकशी झाली. नाही, म्हटले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जूनमध्ये चढेल ना ती गाडी?"

चढेल, म्हटले.